डावीकडचा खांब

बजरंग देवकते ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाला, ही बातमी तो अंबाजोगाईहून घरी परतायच्या आधीच युसूफ वडगावात येऊन पोचली होती. स्टँडवरच्या हॉटेलात बसलेल्यांना आधी ती खोटीच वाटली. गावातल्या निम्म्याअधिक ड्रायव्हरांनी स्टेअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते बजरंगच्या गाडीत, त्याच्या शिव्या खात. तो नापास झाला म्हणजे परीक्षा घेणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. बजरंगचंही तेच मत होतं.

तो पन्नाशी ओलांडलेला, धनगराच्या घरातला. थोरला भाऊ मेंढरं राखायचा. बजरंग मात्र मिसरूड फुटायच्या वयात घरातून पळून ट्रकवर क्लीनर झाला, पुढं ड्रायव्हर झाला आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःची पिकअप घेऊन गावी परतला. भाऊ वारल्यावर त्याचा कळप वहिनी साखराबाई आणि तिचा मुलगा धुळाजी यांनी सांभाळला. दरवर्षी दिवाळी झाली की भावकीतले कळप मांजरा नदीच्या काठानं खाली लातूरकडं चरायला निघत. मेंढरं आणि माणसं पायी जात. नुकती जन्मलेली कोकरं, कोंबड्या, भांडीकुंडी, बाजा हे सगळं बजरंगच्या पिकअपमधून जाई. मुक्कामाच्या जागी तो आधी पोचे, पाण्याची सोय बघे, शेतमालकाशी बोलणं करून ठेवी. वर्षभर तो बाजाराच्या शेळ्या-मेंढ्या वाहून न्यायचा, पण भावकीत त्याला जो मान होता तो या दिवाळीनंतरच्या खेपेमुळं होता.

लायसनची भानगड पावसाळ्याच्या शेवटी निघाली. केजच्या चौकात पोलिसांनी गाडी अडवली, नंबर मोबाईलवर टाकला आणि सांगितलं की लायसनची मुदत केव्हाच संपली आहे. बजरंगला खरोखरच माहीत नव्हतं. ते कार्ड वर्षानुवर्षं त्याच्या खिशात होतं आणि कुणी मागितलं की तो काढून दाखवत होता. त्यावरची तारीख त्यानं कधी वाचली नव्हती. मुदत संपून वर्षाच्या वर दिवस गेल्यामुळं नुसतं नूतनीकरण होत नाही, सगळं नव्यानं करावं लागेल, असं ऑफिसात कळलं. आधी शिकाऊ लायसन, मग महिन्यानंतर परीक्षा. विशीतल्या पोरांसोबत रांगेत उभं राहायची त्याला लाज वाटली, पण काळजी वाटली नाही. गाडी चालवून दाखवायची होती, आणि दुसरं त्यानं जन्मात केलं तरी काय होतं?

परीक्षा घ्यायला तांबारे मॅडम होत्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि बजरंगनं सवयीप्रमाणं उजवं कोपर खिडकीबाहेर टाकून गाडी सुरू केली. बेल्ट लावायचा राहिला. आरसा त्यानं हलवूनही पाहिला नाही. आठचा आकडा त्यानं एका हातानं काढला, तोही ऐटीत. मग दोन ओळींत उभ्या केलेल्या खांबांमधून गाडी मागं घ्यायची होती. मागच्या बाजूनं काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मॅडमनी थांबायला सांगितलं. डावीकडचा खांब आडवा पडला होता.

बजरंग म्हणाला की खांब वाकडा उभा केला होता. मॅडमनी वाद घातला नाही. आठवड्यानंतर परत अर्ज करा, एवढंच सांगून त्यांनी पुढच्या पोराला बोलावलं.

परीक्षेची गाडी अभिमन्यूची होती. अभिमन्यू वडगावचाच, केजला मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचा. तोही बजरंगच्याच हाताखाली शिकलेला, त्याला मामा म्हणायचा. परतीच्या वाटेवर त्यानं मामाला जमेल तितक्या हळुवारपणे समजावलं. परीक्षेत तुम्हाला गाडी येते की नाही हे बघत नाहीत, तुम्ही सांभाळून चालवता की नाही हे बघतात. बेल्ट नाही, आरसा पाहिला नाही, इंडिकेटर दिला नाही, क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवली, उतारावर न्यूट्रल केली, अशा चुका एकेक करून धरतात आणि त्यांची बेरीज झाली की माणूस जातो. काही चुकांना मात्र बेरीज लागत नाही. खांबाला गाडी लागली, चढावर मागं घसरली, शेजारी बसलेल्या साहेबाला स्वतः ब्रेक मारावा लागला, की तिथंच संपलं. आणि सगळ्यात जास्त नापास कोण होतं, तर जुने ड्रायव्हर. त्यांच्या सवयी जात नाहीत.

बजरंगला हे पटलं. पटलं म्हणजे, यात त्याला वाट दिसली. सवयी मोडायच्या होत्या, त्या तो मोडणार होता.

सोयाबीन निघालेल्या रानात त्यानं बांबू रोवले आणि रोज सकाळी पिकअप घेऊन तो सरावाला लागला. बायको ताराबाई बांधावर बसून पडलेले बांबू उभे करायची. रिकाम्या रानात तो इंडिकेटर द्यायचा, आरशात बघून मान डोलवायचा. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे आणि हसू लपवत पुढं जायचे. ताराबाईला ते दिसायचं. तिला आणखी एक गोष्ट दिसली होती.

"आवो, पडतो तवा डावीकडचाच बांबू पडतो," ती एकदा म्हणाली.

"रान तिकडं उतरतं हाय," तो म्हणाला.

ती बांबू उभा करायला उठली. गेल्या काही महिन्यांत घरातही तिच्या ध्यानात काही येत होतं. जेवताना ताटातली डावीकडची भाजी तो तशीच ठेवून उठायचा आणि भाजी दिली नाही म्हणून वर चिडायचा. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा सारखा धडकायचा. पिकअपच्या डाव्या दाराला पोचे पडले होते. ते बैलगाडीवाल्यानं पाडले असं तो सांगायचा. तिला वाटलं, परीक्षेच्या काळजीनं त्याचं कशातच ध्यान राहिलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं सगळं नीट केलं. बेल्ट लावला, आरसे बसवून घेतले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गाडी मागं घेताना पूर्ण मान वळवून मागं पाहिलं, आणि एकही खांब पडला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं असं त्याला वाटलं. मग त्यांनी गाडी बाहेर रस्त्यावर घ्यायला सांगितली. पुढच्या फाट्याला डावीकडं वळा, म्हणाल्या. त्यानं इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि स्टेअरिंग फिरवलं, तोच गाडी हिसका बसून थांबली. मॅडमनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई बॉनेटला टेकून उभी होती. ती भारा सावरून गाडीच्या पुढून निघून गेली.

"ती मधीच आली," बजरंग म्हणाला.

"ती मघापासून कडेनं चालत होती, काका. तुम्ही तिच्याकडं पाहिलंच नाही."

त्याला ते खोटं वाटलं. अगदी मनापासून खोटं वाटलं, कारण रस्ता मोकळा होता हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो संतापला, पण संताप गिळून त्यानं पोरीच्या वयाच्या त्या बाईपुढं हात जोडले. दिवाळीनंतर कळप निघतात, कोकरांना चालता येत नाही, पोलीस आता त्याची गाडी ओळखतात, हे सगळं त्यानं सांगितलं. सांगताना आपला आवाज बारीक होतोय हे त्याचं त्याला कळत होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की तिसऱ्यांदाही नापास झालात तर दोन महिने परीक्षाच देता येणार नाही, तेव्हा चांगला सराव करूनच या.

दोन महिने म्हणजे कळप लातूरच्या पलीकडं पोचणार. म्हणजे या वर्षी दुसऱ्या कुणाचा तरी टेम्पो लागणार, आणि एकदा दुसऱ्याचा लागला की पुढच्या वर्षीही तोच. बजरंगची झोप उडाली. जेवणावरून मन उडालं. दिवाळीत भावकीतली माणसं घरी येऊन गेली, तेव्हा प्रत्येकाच्या बोलण्यात तो एकच प्रश्न शोधत बसला. साखराबाईनं तो विचारलाही, अगदी बेतानं. भावजी, नसंल जमत तर धुळाजीकडं लायसन हाय, या वर्षापुरती गाडी त्याच्या हाती द्या, म्हणाली. तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. पण बजरंगला वाटलं, आपल्याला मेल्यात जमा करायला लागले.

अभिमन्यूच्या ओळखीचा दुसऱ्या जिल्ह्यातला एक माणूस होता. तो परीक्षा न देताच लायसन काढून द्यायचा. मामाची ती दशा बघून अभिमन्यूनं त्याचं नाव सुचवलं. बजरंगनं साफ नकार दिला. गाडी येत नाही त्यानं चोरून लायसन काढावं, मी कावून काढू, असं तो म्हणाला. त्याच्याजवळ तेवढा ताठा अजून शिल्लक होता.

तिसऱ्या परीक्षेला तो सकाळीच जाऊन मैदानावर उभा राहिला. नंबर आला. त्यानं आधी पँटला हात पुसले. गाडी त्यानं इतकी हळू आणि इतकी जपून चालवली की मागं थांबलेली पोरं कंटाळली. तो सारखी मान फिरवत होता, इकडं बघत होता, तिकडं बघत होता. आठचा आकडा झाला. चढावर गाडी थांबवून परत उचलायची होती, ती केसभरही मागं घसरली नाही. शेवटी खांबांमधून मागं यायचं होतं. तो आला, जवळजवळ पूर्ण आला. हायसं वाटून त्यानं मान सरळ केली, आणि शेवटचा डावीकडचा खांब पडला.

त्यानं इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून तो समोर बघत राहिला. आता उतरा असं मॅडम म्हणतील, असं त्याला वाटत होतं. पण मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. कागद त्यांनी बाजूला ठेवला.

"काका, समोरच्या त्या लिंबाकडं बघा. मान हलवायची नाही, डोळेही हलवायचे नाहीत. बघताय?"

"व्हय."

"माझा हात दिसतो का?"

"कुठाय हात?"

मॅडमनी डावा हात खिडकीच्या बाजूला लांब धरला होता. तो त्या सावकाश पुढं आणू लागल्या. आता दिसतो का, असं त्या विचारत होत्या आणि तो नाही म्हणत होता. हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो दचकून मागं सरला. मॅडमनी त्याला एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच झालं. उजव्या बाजूनं आणलेला हात मात्र त्याला लांबूनच दिसत होता.

"तुम्ही तीनदा नापास झालात, आणि तिन्ही वेळा चूक डावीकडंच झाली," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "मला वाटत होतं तुमची सवय वाईट आहे. तसं नाहीये. तुम्हाला त्या बाजूचं दिसत नाही."

"मला समदं दिसतंय, मॅडम. त्यो लिंब दिसतोय. पार त्याच्या मागची भिंत दिसती."

"लायसनचं आता सोडा. इथूनच दवाखान्यात जा. आणि जाताना गाडीला हात लावू नका."

अभिमन्यूनं त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं आणि ताराबाईला फोन करून बोलावून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून डोळे चांगले असल्याचं सांगितलं तेव्हा बजरंग अभिमन्यूकडं बघून जिंकल्यासारखा हसला. पण त्या डॉक्टरनं त्याला दुसऱ्याकडं पाठवलं आणि तिथं डोक्याचा फोटो काढला. फोटो बघून डॉक्टरनं विचारलं की मधे कधी चक्कर, उलट्या, बोलताना अडखळणं असं काही झालं होतं का. बजरंग नाही म्हणाला. ताराबाई हो म्हणाली. श्रावणात एका सकाळी हे अंगणातच बसले होते, भडाभडा ओकले, दिवसभर डोकं धरून पडून होते. गावातल्या डॉक्टरनं पित्ताची गोळी दिली आणि उतार पडला, उठल्या उठल्या गाडी घेऊन बाजाराला गेलते.

ते पित्त नव्हतं. मेंदूत मागच्या बाजूला एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती आणि तेवढा भाग मेला होता. डोळे पाहतात, पण डावीकडचं पाहिलेलं समजून घेणारा तो भाग होता, असं डॉक्टरनं सांगितलं. इतके महिने गेल्यावर ते परत येईल अशी आशा धरू नका. पुन्हा तसा झटका येऊ नये म्हणून गोळ्या जन्मभर घ्यायच्या. गाडी चालवायची नाही, कधीच.

बजरंगनं एकच प्रश्न विचारला. "मंग मला तिकडं अंधार कावून दिसत न्हाई?"

"अंधार दिसायलासुद्धा तो भाग लागतो," डॉक्टर म्हणाला. "तिकडं काही आहे, हेच तुम्हाला कळत नाही."

एसटीनं घरी येताना तो एक डोळा झाकून बघत होता, मग दुसरा झाकून. पुन्हा पहिला. त्याला कुठंच काही कमी दिसत नव्हतं. जग पूर्णच्या पूर्ण होतं, कडेपासून कडेपर्यंत. ताराबाई त्याच्या डाव्या बाजूला बसून रडत होती आणि ते त्याला केजपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो केजला अभिमन्यूच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला. परजिल्ह्यातल्या त्या माणसाला फोन लाव म्हणाला. अभिमन्यूनं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला, इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. बजरंग उभाच राहिला.

"फोन लाव मनलं ना."

"आता न्हाई, मामा."

"तूच बोलला होतास. मी तवा न्हाई मनलं, आता व्हय मनतो."

"तवा मला ठावं नव्हतं."

"तुला गाडी कुणी शिकवली बे?"

"तुमीच."

"मंग?"

"मनून तर न्हाई मनतोय," अभिमन्यू म्हणाला. त्याला बजरंगकडं बघवत नव्हतं. "मपली पोरगी शाळंत रस्त्याच्या कडंनं चालत जाती, मामा."

चहा आला तेव्हा बजरंग निघून गेलेला होता.

घरी येऊन त्यानं ताराबाईला बजावलं की दवाखान्याचं अवाक्षर कुणाला कळता कामा नये. लोकांना त्यानं सांगितलं की मॅडमनी या खेपेला पास केलं, लायसन पोस्टानं येणार आहे. ताराबाईनं त्याचे पाय धरले. गाडी धुळाजीला द्या, मी पुन्हा काही मागणार नाही, म्हणाली. तो शांतपणे म्हणाला की तू कुणाला सांगितलंस तर मला विहीर लांब नाही. तो धमकी देत नव्हता. त्याच्या तोंडाकडं बघून तिला कळलं की तो खरोखरच त्याचा विचार करतोय, कदाचित रोजच करतोय. कुणाला सांगावं आणि कुणाला वाचवावं हेच तिला कळेना. शेवटी तिनं एवढंच ठरवलं की गाडीत आपण शेजारी बसायचं आणि डावीकडचं आपण बघायचं.

निघायच्या दिवशी कळप उजाडताच पुढं गेले. बजरंगनं ऊन वर आल्यावर पिकअप भरली. कोकरं मागं जाळीखाली घातली, बाजा वर बांधल्या. ताराबाई पुढच्या सीटवर बसली. त्यानं बेल्ट लावला, आरसे पाहिले, इंडिकेटर देऊन गाडी रस्त्यावर घेतली. परीक्षेच्या सगळ्या सवयी अंगात मुरल्या होत्या.

गाडी गावाबाहेर पडली तशी ताराबाई रस्त्याच्या कडेला डोळे लावून बसली. मग डावीकडं सायकल हाय, असं हळूच म्हणाली. त्यानं गाडी उजवीकडं घेतली. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, पोरं हायेत, डाव्या अंगाला. त्याचे हात स्टेअरिंगवर आवळले.

"गप बस. मला दिसतंय."

"मी नुसतं सांगते."

"मला कुणी सांगायची गरज न्हाई. पुन्हा तोंड उघडलंस तर हितंच उतरवीन."

ती गप्प बसली. त्यानंतर बराच रस्ता सरळ होता आणि तो चांगली गाडी चालवत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. एका वळणानंतर समोरून कारखान्याचा ट्रॅक्टर आला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या डोलत होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. जागा द्यायची म्हणून बजरंगनं गाडी डावीकडं दाबली. ताराबाई किंचाळली आणि तिनं स्टेअरिंगवर झडप घातली, पण तोवर गाडीखाली मऊ काहीतरी आलं होतं आणि गाडी उचलून आदळली होती.

त्यानं ब्रेक मारला. ट्रॅक्टर धूळ उडवत निघून गेला. मग मेंढरांचा कल्लोळ ऐकू आला.

तो साखराबाईचाच कळप होता. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालला होता. बजरंग खाली उतरून बॉनेटला वळसा घालून आला तेव्हा त्याला ते सगळं एकदम दिसलं. दोन मेंढ्या मरून पडल्या होत्या, तिसरी पुढच्या पायांवर उठू बघत होती आणि तिचं मागचं अंग उठत नव्हतं. त्यांच्या पलीकडं, हातभर अंतरावर, साखराबाई उभी होती. तिच्या हातात काठी नव्हती. गाडीच्या आरशानं काठी उडवून खड्ड्यात फेकली होती. ती आपला रिकामा हात बघत होती.

धुळाजी कळपाच्या पुढून धावत आला. त्यानं आधी आईला चाचपलं, तिला कुठं लागलं नाही हे पाहिलं आणि मग चुलत्याची गचांडी धरली.

"आई मेली असती ना बे," तो म्हणाला.

चुलत्याला बे म्हटल्याबद्दल त्याला कुणीच टोकलं नाही. साखराबाईनं त्याचा हात सोडवला. ती बजरंगच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच काही समजत नव्हतं.

"भावजी, मी दिसले न्हाई तुमाला?"

बजरंगनं ताराबाईकडं पाहिलं. ती गाडीच्या दाराला धरून उभी होती, तोंडाला पदर लावून.

"न्हाई दिसली, वहिनी," तो म्हणाला. "मला डावीकडचं दिसतच न्हाई. लई दिवसांपासून."

एवढं बोलून तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. ताराबाईनं मग तुटक तुटक सगळं सांगितलं: दवाखाना, डोक्याचा फोटो, विहीर. भावकीतली माणसं भोवती गोळा होऊन ऐकत होती. जखमी मेंढी ओरडत होती. धुळाजीनं तिला कडेला ओढत नेलं आणि थोड्या वेळानं ओरडणं थांबलं. मेलेल्या मेंढ्या त्यानं पिकअपमध्ये टाकल्या, बजरंगपुढं येऊन किल्लीसाठी हात पसरला. किल्ली गाडीलाच होती. बजरंगला ते सांगायचंही सुचलं नाही.

पुढचा रस्ता धुळाजीनं गाडी चालवली. बजरंग मागं जाळीशेजारी कोकरांमध्ये बसला, मेलेल्या मेंढ्यांवर घोंगडी टाकून. पिकअप घेतल्यापासून तो पहिल्यांदाच मागं बसला होता. प्रत्येक खड्डा आता अंगाला कळत होता.

मुक्कामावर धुळाजी शेतमालकाशी बोलला. पाणी कुठनं घ्यायचं, मेंढरं कोंडायची जाळीची वाघूर कुठं लावायची, हे सगळे त्याला विचारू लागले. बजरंग एका बाजेवर बसून होता. ताराबाईनं भाकरी आणून त्याच्या उजव्या बाजूला ठेवली. विहिरीकडं कोण जातंय यावर तिची सारखी नजर होती. पाणी आणायलाही ती दुसऱ्या बायकांना पाठवत होती.

मेलेल्यांतल्या एका मेंढीचं कोकरू होतं, चार दिवसांचं. ते भुकेनं सारखं ओरडत फिरत होतं. साखराबाईनं ते आणून बजरंगच्या मांडीवर टाकलं. मग ज्या मेंढीचं पिल्लू वाटेत दगावलं होतं तिला धरून आणलं, तिचे मागचे पाय आपल्या गुडघ्यांत दाबले आणि त्याला म्हणाली, "लावा."

हे काम त्यानं लहानपणी केलं होतं, बापाच्या हाताखाली. कोकराचं तोंड धरून तो सडाला लावू लागला. मेंढीनं वास घेतला आणि झटका देऊन कोकराला उडवून लावलं. त्यानं ते पुन्हा धरलं. साखराबाईनं पाय अधिक घट्ट दाबले. मेंढीनं पुन्हा झिडकारलं. दुधाची एक धार त्याच्या मनगटावर सांडली आणि कोकरू ती चाटू लागलं.

"आज न्हाई घ्यायची ती," बजरंग म्हणाला.

"मंग उद्या लावू," साखराबाई म्हणाली, पण तिनं मेंढी सोडली नाही. त्यानंही कोकरू सोडलं नाही. धुळाजी लांबून बघत होता. वाघूर लावून झाल्यावर तो आला आणि त्यानं मेंढीचं डोकं धरलं.